अडुळशाच्या पानांतून व्हॅसिसीन वेगळे काढणे आणि ओळखणे: तालुक्याच्या प्रयोगशाळेसाठी सविस्तर मार्गदर्शन

विदर्भातल्या बहुतेक गावांत अडुळसा शोधत फिरावे लागत नाही. शेळ्यामेंढ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तो सांदवाडीच्या कुंपणाला, विहिरीच्या काठाला आणि शेताच्या धुऱ्यावर टिकून राहतो, आणि खोकला झाला की त्याच्या पानांचा रस मधातून देण्याची रीत अजूनही घराघरांत आहे. या पानांतील प्रमुख अल्कलॉइड (वनस्पतींत आढळणारे नायट्रोजनयुक्त, आम्लारीधर्मी संयुग) म्हणजे व्हॅसिसीन. खोकल्याच्या औषधांत आज सर्रास वापरली जाणारी ब्रोमहेक्सिन आणि अँब्रोक्सॉल ही कृत्रिम संयुगे याच रेणूच्या रचनेवरून पुढे तयार झाली. पदव्युत्तर प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना मी हेच पान सुचवतो. ते विनामूल्य मिळते, त्यातील संयुगाचे प्रमाण वाळलेल्या पानाच्या सुमारे एक टक्क्याच्या आसपास असते आणि ते आम्लारीधर्मी असल्यामुळे साध्या उपकरणांनीही बऱ्यापैकी शुद्ध होते. शिवाय हवा आणि प्रकाश लागला की व्हॅसिसीनचे ऑक्सिडीकरण होऊन व्हॅसिसिनोन तयार होते. त्यामुळे पानात मुळात काय होते आणि आपल्या हाताळणीतून काय निर्माण झाले, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर ठेवावा लागतो. पुढील सर्व सूचना त्याच प्रश्नाभोवती लिहिल्या आहेत.

वनस्पतीची ओळख आणि पानांची तोडणी

गावात ज्याला अडुळसा म्हणतात ते झुडूप जस्टिसिया अधाटोडा हेच आहे, याची खात्री केल्याशिवाय एकही पान तोडू नये. ‘काळा अडुळसा’ या नावाने ओळखली जाणारी जस्टिसिया जेंडारुसा ही त्याच कुळातील पण वेगळी जात आहे. हिंदी भाषक पट्ट्यातून आलेला माणूस ‘अडूसा’ म्हणताना कधी कधी महारुखाच्या झाडाकडेही बोट दाखवतो, आणि त्या दोघांचे तर कूळसुद्धा एक नाही. खऱ्या अडुळशाची पाने समोरासमोर येतात, लांबट व टोकदार असतात, आणि पांढऱ्या द्विओष्ठी फुलाच्या खालच्या ओठावर जांभळट रेघा असतात. फुलासह एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी, जाड कागदावर चिकटवावी, त्यावर गाव, तालुका, तारीख, अधिवास आणि संग्राहकाचे नाव लिहावे, आणि विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडून ओळख पटवून घेऊन तिचा नमुना क्रमांक वहीत नोंदवावा. हा क्रमांक नसेल तर पुढचा वर्णपट (रेणूची ओळख पटवणारा उपकरणावरचा आलेख) कितीही सुंदर आला तरी तो कोणत्या वनस्पतीचा, हे सिद्ध करता येत नाही.

जागा निवडताना आपल्याकडे एक गोष्ट विशेष पाहावी लागते. कपाशीच्या वावराला लागून असलेल्या धुऱ्यावरच्या अडुळशावर फवारणीचे तुषार उडालेले असतात आणि कीटकनाशकाचे अंश पेट्रोलियम इथरपासून क्लोरोफॉर्मपर्यंत कोणत्याही अर्कात उतरू शकतात. म्हणून घराजवळचे, फवारणीपासून दूर असलेले कुंपण निवडावे आणि मालकाला विचारूनच तोड करावी. पाने जंगलातून आणायची असतील तर वनविभागाची परवानगी घ्यावी, आणि ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे आधी ग्रामसभेसमोर विषय मांडावा; गडचिरोलीतील मेंढा-लेखासारख्या गावात तर त्याशिवाय पाऊलही टाकू नये. जैवविविधता कायदा २००२ नुसार आपल्या जबाबदाऱ्या कोणत्या, याबद्दल शंका असल्यास राज्य जैवविविधता मंडळाचे कार्यालय नागपुरातच आहे, तिथे विचारणा करता येते.

पाने सकाळी दव ओसरल्यावर तोडावीत. पिवळी, किडलेली आणि अगदी कोवळी पाने बाजूला काढावीत, उरलेली पाने नळाच्या पाण्याने झटपट धुऊन निथळत ठेवावीत.

वाळवण

वाळवण हा टप्पा लोक क्षुल्लक समजतात आणि बहुतेक प्रकल्प इथेच बिघडतात. ‘सावलीत वाळवा’ ही पुस्तकातली सूचना विदर्भाच्या मे महिन्यात अर्थहीन असते, कारण चंद्रपूर–नागपूरकडे सावलीतलेच तापमान ४५ अंशांपर्यंत जाते आणि टिनाच्या छपराखालची खोली त्याहून तापते. पावसाळ्यात उलट घडते. पान चार–पाच दिवस ओलसर राहिले की त्यावर बुरशी धरते आणि मग आपण पानाबरोबर बुरशीचीही संयुगे काढतो. एका वर्षी घाईपोटी मी पाने छपराखालच्या माळ्यावर पसरली होती. दोन दिवसांत ती कुरकुरीत झाली खरी, पण रंग तपकिरी पडला, आणि पुढे टीएलसीवर (सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर संयुगे ठिपक्यांच्या रूपात वेगळी करण्याच्या पद्धतीत) व्हॅसिसिनोनचा ठिपका व्हॅसिसीनपेक्षा ठळक आला. तेव्हापासून मी तोडणी ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्ये करतो. हवा कोरडी असते, ऊन मवाळ असते आणि पाने पंख्याखाली सुती कापडावर एका थरात पसरली की सुमारे आठवडाभरात वाळतात. तापमान ४० अंशांच्या आत राहील आणि थेट ऊन लागणार नाही, एवढे पाहावे. देठ वाकवल्यावर न लवता मोडला आणि सलग दोन दिवसांचे वजन सारखे आले म्हणजे वाळवण पूर्ण झाली. एक किलो ताज्या पानांतून साधारण पाव किलोपेक्षा थोडे कमी वाळलेले पान हाती येते.

मिक्सरमध्ये दळताना भांडे गरम होऊ देऊ नये. थांबून थांबून फिरवावे. भुकटी रव्याइतकी जाडसर असावी, कारण पिठासारखी बारीक भुकटी गाळताना फिल्टर पेपर बंद करते. ती रंगीत काचेच्या बरणीत ठेवावी.

अर्क काढणे

१०० ग्रॅम भुकटी घेऊन आधी सॉक्सलेटमध्ये (उकळून थंड केलेला द्रावक भुकटीवरून पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात) पेट्रोलियम इथरने मेण, स्निग्धांश आणि हरितद्रव्याचा काही भाग काढून टाकावा. यासाठी ६०–८० अंश उत्कलनांकाचा प्रकार घ्यावा. ४०–६० चा प्रकार आपल्याकडच्या उन्हाळ्यात संघनित होतच नाही. टाकीतून येणारे पाणीच ३५ अंशांचे असते. यावर आमच्याकडे चालणारा उपाय असा, की डेझर्ट कूलरमधला छोटा पंप बर्फाच्या पाण्याच्या बादलीत सोडायचा आणि त्याची नळी कंडेन्सरला जोडून तेच पाणी फिरवत ठेवायचे. पाण्याची बचत होते आणि मे महिन्यातही काम होते. भारनियमनाच्या वेळी मात्र पंप थांबतो, तेव्हा तापक त्याच क्षणी बंद करणारा माणूस शेजारी हवा. पेट्रोलियम इथर ज्वालाग्राही आहे. उघडी ज्योत त्या खोलीत असता कामा नये. त्याच कारणाने डायएथिल इथर उन्हाळ्यात वापरूच नये. ते ३५ अंशांच्या आतच उकळते, म्हणजे बाटली उघडतानाच वाफ तोंडावर येते. डायक्लोरोमिथेनही ४० अंशांना उकळते.

पेट्रोलियम इथरने धुतलेला चोथा हवेत मोकळा करून मग मुख्य अर्क काढावा. त्यासाठी इथेनॉल उत्तम, पण ते मिळवायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि वर्धा, गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांत शुद्ध अल्कोहोलची बाटली कपाटात ठेवण्यापूर्वी कागदपत्रे चोख असावी लागतात. बहुतेक महाविद्यालये म्हणून मिथेनॉलकडे वळतात. मिथेनॉल विषारी आहे. पोटात गेल्यास दृष्टी आणि जीव दोन्ही जाऊ शकतात, त्यामुळे बाटलीवर मोठ्या मराठी अक्षरांत ‘विष’ लिहावे आणि ती कुलपात ठेवावी.

इथे सॉक्सलेट पुन्हा लावण्याचा मोह टाळावा. चोथा ५०० मिली मिथेनॉलमध्ये झाकून, अंधारात, अधूनमधून हलवत २४ तास ठेवावा, गाळावा, आणि असे तीनदा करावे. वेळ जास्त लागतो, पण संयुग तासन्‌तास उकळत राहत नाही. तू योयो यांना २०१५ साली ज्या आर्टेमिसिनिनसाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्या शोधातही उष्णतेऐवजी कमी तापमानावर इथरने अर्क काढणे हेच निर्णायक ठरले होते. तिन्ही गाळे एकत्र करून रोटाव्हेपरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या फिरत्या उपकरणावर), पाण्याचे तापमान ४५ अंशांच्या वर न नेता, दाट करावेत. हाती १० ते २० ग्रॅम हिरवट-काळा चिकट अर्क येतो. त्याचे नेमके वजन वहीत लिहावे, कारण पुढचा प्रत्येक उतारा याच आकड्याशी ताडून पाहायचा आहे.

आम्ल आणि आम्लारीचा खेळ

अल्कलॉइडच्या रेणूतील नायट्रोजन आम्लाशी क्षार तयार करतो आणि तो क्षार पाण्यात उतरतो. आम्लारी घातली की संयुग पुन्हा मोकळे होऊन सेंद्रिय द्रावकाकडे धाव घेते. शेकडो संयुगांच्या गर्दीतून अल्कलॉइड निवडून काढण्याची सारी युक्ती एवढ्यात सामावली आहे.

अर्क २०० मिली, २ टक्के सल्फ्युरिक आम्लात घोळून रात्रभर ठेवावा आणि चिकट गाळ कापसातून व मग फिल्टर पेपरमधून वेगळा करावा. आम्ल सौम्य करताना नेहमी पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी नव्हे. हायड्रोक्लोरिक आम्लाऐवजी सल्फ्युरिक घेण्याचे कारण असे, की काही अल्कलॉइडांचे हायड्रोक्लोराइड क्षार क्लोरोफॉर्ममध्येही विरघळतात आणि पुढच्या धुण्यात माल निघून जातो. गाळलेले आम्ल-द्रावण सेपरेटिंग फनेलमध्ये ५०-५० मिली क्लोरोफॉर्मने तीनदा धुवावे. उरलासुरला हिरवा रंग आणि उदासीन संयुगे खालच्या थरात जातात. हे धुणे लगेच फेकू नये. त्याचा थेंब टीएलसी पट्टीवर लावून अल्कलॉइड ओळखणारा ड्रॅगेनडॉर्फ अभिकर्मक फवारावा, आणि नारिंगी डाग दिसला तर माल तिकडे गेला आहे असे समजून ते पुन्हा आम्लाने काढून घ्यावे.

यानंतर आम्ल-द्रावण बर्फात ठेवून त्यात थेंबथेंब अमोनिया घालत सामू ९ ते १० वर आणावा. कॉस्टिक सोडा वापरू नये. तीव्र आम्लारी आणि क्लोरोफॉर्म यांची गाठ धोक्याची असते, आणि त्यात ॲसिटोन मिसळले तर स्फोटक अभिक्रिया होऊ शकते. म्हणूनच काचसामान ॲसिटोनने धुण्याची सवय असलेल्यांनी या टप्प्यावर टाकाऊ द्रावकांच्या बाटल्या काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्यात. आता ५० मिली क्लोरोफॉर्मने चारदा निष्कर्षण करावे. फनेल जोरजोराने हलवल्यास पायस (इमल्शन) तयार होते आणि दोन थर तासन्‌तास सुटत नाहीत. फनेल हळुवार उलटासुलटा करावा, दर वेळी तोटीतून वाफ सोडावी, आणि पायस झालेच तर चमचाभर मीठ टाकून वाट पाहावी. पाण्याच्या थरातील थोडा नमुना आम्लयुक्त करून त्यात मेयर अभिकर्मक घातल्यावर दुधाळ साका येईनासा झाला, की निष्कर्षण पुरे झाले. क्लोरोफॉर्मचे थर एकत्र करून निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवावेत आणि कमी तापमानावर आटवावेत. उरतो तो तपकिरी अवशेष म्हणजे कच्ची अल्कलॉइडे.

हा संपूर्ण टप्पा चालू फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर खेचून नेणाऱ्या कपाटात) करायचा आहे. महाविद्यालयात तो नसेल, किंवा नावापुरता असेल, तर अर्क घेऊन विद्यापीठाच्या विभागात जावे. खिडक्या उघडून क्लोरोफॉर्म आटवणे हा पर्याय नव्हे. आणखी एक ताकीद द्यायला हवी: व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन घडवते असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे गरोदर विद्यार्थिनीने किंवा शिक्षिकेने हे काम करू नये, आणि कच्चा अर्क कोणीही चाखून किंवा कोणाला खोकल्यावर देऊन पाहू नये.

टीएलसी आणि कॉलम

सिलिका जेलच्या एफ २५४ पट्टीवर इथाइल ॲसिटेट, मिथेनॉल आणि अमोनिया ८ : २ : ०.२ या प्रमाणात वापरावे. अमोनिया वगळल्यास आम्लधर्मी सिलिका अल्कलॉइडांना धरून ठेवते आणि ठिपक्याऐवजी शेपूट दिसते. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाखाली गडद ठिपके पेन्सिलीने आखून घ्यावेत, मग ड्रॅगेनडॉर्फ फवारावे. काही नायट्रोजनरहित संयुगेही या अभिकर्मकाला फसवा रंग देतात, म्हणून फक्त रंगावरून ‘अल्कलॉइड सापडले’ असे लिहू नये. शक्य असल्यास प्रमाणित व्हॅसिसीन पाच मिलिग्रॅम विकत घेऊन त्याचा ठिपका शेजारी, आणि दोघांचे मिश्रण मधल्या जागी लावावे.

कॉलमसाठी (सिलिका भरलेल्या उभ्या नळीतून संयुगे एकामागून एक वेगळी उतरवण्यासाठी) नमुन्याच्या वजनाच्या तीस पट सिलिका, १००–२०० मेशची, क्लोरोफॉर्ममध्ये कालवून ओतावी. उन्हाळ्याच्या दुपारी कॉलममध्ये हमखास बुडबुडे व भेगा पडतात आणि पट्टे वाकडे उतरतात. पहाटे पाचला सुरू करून दहाच्या आत संपवलेला कॉलम मी कधी बिघडलेला पाहिला नाही. आधी नुसते क्लोरोफॉर्म, मग मिथेनॉलचे प्रमाण १, २, ५ आणि १० टक्के असे वाढवत न्यावे, १५ मिलीचे भाग क्रमांकित परीक्षानळ्यांत घ्यावेत आणि प्रत्येक तिसऱ्या नळीची टीएलसी करावी. एकच ठिपका असलेल्या नळ्या एकत्र कराव्यात. दोन ठिपक्यांच्या नळ्या लोभापोटी त्यांत ओतू नयेत.

शुद्ध भाग आटवून अगदी थोड्या गरम इथेनॉलमध्ये विरघळवावा आणि झाकून सावकाश थंड होऊ द्यावा. स्फटिक येत नसतील तर काचकांडीने भांड्याची आतली बाजू हलकेच खरवडावी. स्फटिक गाळून, गार इथेनॉलच्या दोन थेंबांनी धुऊन निर्वातात वाळवावेत. १०० ग्रॅम भुकटीतून दोन–तीनशे मिलिग्रॅम शुद्ध स्फटिक मिळाले तर विद्यार्थ्याने समाधान मानावे.

नाव कसे सिद्ध करावे

पहिली कसोटी द्रवणांकाची. व्हॅसिसीन सुमारे २१० ते २१२ अंशांना वितळते. दोन अंशांच्या आत वितळले तर पदार्थ शुद्ध. आठ–दहा अंशांवर रेंगाळत वितळला तर पुन्हा स्फटिकीकरणाकडे वळावे. प्रमाणित नमुन्यात मिसळून द्रवणांक खाली आला नाही, तर पुरावा अधिक पक्का होतो.

त्यानंतरचे काम आपल्या तालुक्यात होत नाही. पवईच्या आयआयटीतील किंवा लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतील अत्याधुनिक विश्लेषण उपकरण सुविधेकडे नमुना शुल्क भरून पाठवता येतो; वस्तुमान वर्णपटाला (जो रेणूचे वजन दाखवतो) एक-दोन मिलिग्रॅम, प्रोटॉन एनएमआरला (जो चुंबकीय क्षेत्रात रेणूतील हायड्रोजनांची मांडणी दाखवतो) पाच ते दहा आणि कार्बन एनएमआरला वीस-तीस मिलिग्रॅम ठेवावे.

वर्णपट आल्यावर वाचनाचा क्रम असा ठेवावा. व्हॅसिसीनच्या रेणूत ११ कार्बन, १२ हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि १ ऑक्सिजन असून रेणुवस्तुमान १८८ आहे, म्हणून प्रोटॉन जोडलेले आयन १८९ ला दिसायला हवे, आणि पाण्याचा रेणू गमावून १७१ चे शिखर मिळू शकते. सूत्रावरून असंतृप्तता, म्हणजे वलये आणि दुहेरी बंध यांची एकूण संख्या, ७ येते: बेंझिन वलयाची ४, कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाची १ आणि उरलेल्या दोन वलयांची २. प्रोटॉन एनएमआरमध्ये सुगंधी (म्हणजे बेंझिन वलयाच्या) भागात चार हायड्रोजन, बेंझिन वलय व नायट्रोजन यांच्यामधल्या सीएच-टूचे दोन, हायड्रॉक्सिल धरणाऱ्या कार्बनवरचा एक, आणि पाच घटकांच्या वलयातील उरलेले चार असा हिशेब लागला पाहिजे. डेप्ट प्रयोगात (कोणत्या कार्बनवर किती हायड्रोजन आहेत हे दाखवणाऱ्या कार्बन एनएमआरच्या प्रकारात) अकरा कार्बनांपैकी पाच सीएच, तीन सीएच-टू आणि तीन हायड्रोजनविरहित निघतात.

आता सुरुवातीचा प्रश्न. वस्तुमान वर्णपटात २०३ चे शिखरही दिसले, तर १८९ शी त्याचा फरक १४ चा आहे, आणि विद्यार्थी लगेच ‘मिथाइल गट जोडलेले नवे संयुग’ असे लिहून मोकळे होतात. एक ऑक्सिजन वाढून दोन हायड्रोजन कमी झाले तरी फरक १४ चाच पडतो, आणि व्हॅसिसिनोनमध्ये नेमके तेच झालेले असते. उच्च विभेदनाच्या उपकरणावर हे दोन्ही सहज वेगळे होतात: व्हॅसिसिनोनचे आयन २०३.०८१ ला, तर मिथाइल वाढलेले संयुग २०३.११८ ला यायला हवे. एनएमआरमध्ये बेंझिन वलयालगतच्या सीएच-टूचे दोन हायड्रोजन नाहीसे होतात, कार्बन वर्णपटात १६० पीपीएमच्या (एनएमआर आलेखावरच्या मापाच्या) आसपास कार्बोनिल प्रकटते आणि त्याच्या शेजारचा सुगंधी हायड्रोजन ८ पीपीएमच्या पुढे सरकतो. पानात थोडे व्हॅसिसिनोन मुळातही असते. ते किती होते आणि आपण किती वाढवले, हे कळण्यासाठी ताज्या पानाचा लहानसा अर्क तोडणीच्याच दिवशी काढून त्याची टीएलसी जपून ठेवलेली असावी.

दुसरा सापळा प्लास्टिकचा. वस्तुमान वर्णपटात १४९ आणि ३९१ ही शिखरे ठळक दिसली तर ती वनस्पतीची नसून बहुधा नळ्या, बाटल्या वा झाकणांतून उतरलेल्या थॅलेटची (प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनाची) असतात. असे ‘नैसर्गिक’ थॅलेट वेगळे काढल्याचे दावे छापूनही आले आहेत. वनस्पती न घेता, फक्त द्रावकांवर सर्व पायऱ्या एकदा करून कोरा नमुना तयार ठेवला की या शंकेचे उत्तर दहा मिनिटांत मिळते.

टाकाऊ क्लोरोफॉर्म मोरीत न ओतता, हॅलोजनयुक्त द्रावकांच्या वेगळ्या बाटलीत साठवून अधिकृत विल्हेवाटीसाठी द्यावा. गावातल्या विहिरी त्याच जमिनीत आहेत. स्फटिक रंगीत काचेच्या छोट्या कुपीत, शक्य असल्यास नायट्रोजनखाली, फ्रीजमध्ये ठेवावेत. कुपीवरच्या चिठ्ठीवर संयुगाचे नाव लिहू नये, वनस्पती नमुन्याचा क्रमांक, नळ्यांचे क्रमांक, वजन आणि स्फटिक गाळल्याची तारीख लिहावी. वर्णपट यायला दोन-तीन महिने लागतात. ते आले की त्याच दिवशी कुपीतील कणभर पदार्थाची टीएलसी पुन्हा करावी आणि पहिल्या दिवसाच्या पट्टीशेजारी ठेवून दुसरा ठिपका उमटला आहे का ते पाहावे. उमटला नसेल, तर चिठ्ठीवर ‘व्हॅसिसीन’ लिहायला हरकत नाही.